हप्ता भाडेकरूलाही असतो

"भाडं म्हणजे वाया जाणारे पैसे. त्यापेक्षा हप्ता भर, निदान घर तरी आपलं होईल." आई हे म्हणते, ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ताई म्हणतात, आणि दोघीही माझ्या काळजीपोटीच म्हणतात. म्हणून या वाक्याकडे मी कधी कानाडोळा केला नाही. हिशेब तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. एखाद्या खर्चाला 'वाया' म्हणण्याआधी त्याच्या बदल्यात काय मिळालं हे बघायची सवय हाडीमांसी खिळली आहे. भाड्याच्या बदल्यात महिनाभर राहायला घर मिळतं, म्हणजे ते वाया गेलेलं नाही. ते परत येत नाही, एवढंच. आणि परत न येणारे पैसे घर विकत घेणाऱ्यालाही द्यावेच लागतात.

महागड्या शहरात राहणाऱ्या माझ्यासारख्या कुणालाही हा हिशेब करावाच लागतो, आणि बहुतेक जण तो चुकीच्या दोन आकड्यांमध्ये करतात: महिन्याचं भाडं आणि महिन्याचा हप्ता. हप्त्यात मुद्दल असतं. ते आपल्याकडेच राहतं, फक्त पैशाचं घर होतं. म्हणून पूर्ण हप्ता खर्च धरला तर घर घेणाऱ्यावर अन्याय होतो. उलट हप्त्याखेरीज देखभाल, मालमत्ता कर, विमा, नोंदणीचा आणि दलालीचा खर्च सोडून दिला तर भाड्यानं राहणाऱ्यावर अन्याय होतो. आणि एक गोष्ट तर जवळजवळ सगळेच सोडतात. सुरुवातीला जी स्वतःची रक्कम घरात घातली, ती दुसरीकडे असती तर तिच्यावर काही मिळालं असतं. ते आता मिळत नाही. माझ्या कामात अशा न मिळालेल्या पैशाला खर्चच मानतात.

तर मी हिशेब असा मांडला. शहर कुठलंही असो, चलन कुठलंही असो, घराची किंमत १०० धरायची. स्वतःचे २० घालायचे, ८० कर्ज घ्यायचं, २० वर्षांसाठी, ८ टक्के व्याजानं. व्यवहाराचा सगळा खर्च ६. देखभाल आणि कर मिळून पहिल्या वर्षी १. आणि त्याच घराचं वर्षाचं भाडं ३, म्हणजे किंमत भाड्याच्या ३३ पट. महागड्या शहरांत हे गुणोत्तर असं ताणलेलंच असतं. तुमच्या शहरात व्याजदर वेगळा असेल तर तो घाला, मांडणी बदलत नाही.

या कर्जाचे वर्षाचे हप्ते साधारण ८ होतात. पहिल्या वर्षी त्यातले ६.३ व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं फक्त १.७. अर्धं मुद्दल फिटायला साडेतेरा वर्षांहून जास्त लागतात. हा आकडा मी ज्यांना ज्यांना दाखवला ते थोडा वेळ गप्प झाले, कारण २० वर्षांच्या कर्जात दहाव्या वर्षी अर्धं घर आपलं झालेलं असेल असं मनात कुठेतरी धरलेलं असतं. आता पहिल्या वर्षाचे परत न येणारे पैसे मोजू. व्याज ६.३, देखभाल आणि कर १, आणि सुरुवातीला घातलेल्या २६ वर ६ टक्क्यांनी मिळू शकले असते ते १.६. बेरीज ९ च्या जवळ. भाडेकरूचे गेले ३. म्हणजे त्या वर्षी घराची किंमत निदान ६ टक्क्यांनी वाढली तरच घर घेणारा बरोबरीत येतो, आणि व्यवहाराचा खर्च भरून निघायचा बाकीच राहतो.

पण एका वर्षावर थांबणंही खरं नाही, कारण घर कुणी वर्षभरासाठी घेत नाही. भाडं दरवर्षी वाढतं. हप्ता, व्याजदर स्थिर असेल तर, आहे तिथेच राहतो. भाडं वर्षाला ५ टक्क्यांनी वाढलं तर १४-१५ वर्षांत दुप्पट होतं आणि वीस वर्षं सरताना ते हप्त्याइतकंच झालेलं असतं. त्यानंतर हप्ता संपतो, भाडं संपत नाही. आईच्या म्हणण्यात जे तथ्य आहे ते इथे आहे, आणि ते मोठं आहे.

म्हणून मी पूर्ण वीस वर्षांचा तक्ता केला. किंमत, भाडं आणि देखभाल तिन्ही दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतात असं धरलं. घर घेणाऱ्याकडे वीस वर्षांनी काय असेल? कर्जमुक्त घर, किंमत २६५. भाड्यानं राहणाऱ्याकडे? त्यानं सुरुवातीचे २६ गुंतवले आणि दरवर्षी घर घेणाऱ्यापेक्षा जेवढे कमी खर्च झाले तेवढेही गुंतवत गेला, तर ६ टक्के परताव्यानं त्याच्याकडे २६८ जमतात.

२६५ आणि २६८. हा निकाल आला तेव्हा मी सूत्रं पुन्हा तपासली, कारण एवढी तंतोतंत बरोबरी माझ्या कामात संशयास्पद मानतात. सूत्रं ठीक होती. गुंतवणुकीवर ६ ऐवजी ८ टक्के मिळाले तर भाडेकरूकडे ३५५ होतात आणि तो बराच पुढे जातो. घराची किंमत ५ ऐवजी ७ टक्क्यांनी वाढली तर घर ३८७ चं होतं आणि मालक पुढे जातो. पुढची वीस वर्षं यातलं काय होईल हे छातीठोकपणे सांगणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवणार नाही, मग तो घर विकणारा असो की फंड विकणारा.

पण तक्त्यातल्या एका रकान्यानं मला जास्त काळ अडकवून ठेवलं. भाडेकरूनं वाचलेले पैसे पूर्ण गुंतवले तर २६८. वाचलेल्यातले अर्धेच गुंतवले आणि बाकी अर्धे अंगवळणी पडलेल्या खर्चात गेले, तर? १७६. घर घेणाऱ्यापेक्षा तब्बल ८९ नी मागे. परताव्याचे टक्के, किमतीची वाढ, बँकेचा दर यांवर माणसं तासन्‌तास वाद घालतात, आणि खरा फरक पडतो तो इथे. घर घेणाऱ्याची बचत बँक करून घेते. पगार झाला की हप्ता कापला जातो. तिथे मन विचारायला येत नाही, सण विचारायला येत नाही, नवा फोन विचारायला येत नाही. भाडेकरूला असं कुणी बांधून ठेवत नाही. म्हणून ज्यांनी घर घेतलं त्यांच्याकडे वीस वर्षांनी काहीतरी उभं दिसतं आणि जे भाड्यानं राहिले त्यांच्याकडे बऱ्याचदा दिसत नाही. यातून 'घर घेतलेले शहाणे' असा निष्कर्ष निघतो, पण घरानं केलेलं खरं काम सक्तीच्या बचतीचं असतं.

याचं माझ्यापुरतं उत्तर मी शोधलं. भाड्यानं राहायचं तर भाडेकरूनं स्वतःला हप्ता लावून घ्यायचा. आम्ही दोघांनी एक वेगळं खातं काढलं आहे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी, भाडं जातं त्याच दिवशी, 'घर घेतलं असतं तर' या हिशेबातला फरक त्या खात्यात जातो आणि तिथून आपोआप गुंतवला जातो. रक्कम दरवर्षी नव्यानं काढतो, कारण भाडं वाढलं की फरक कमी होतो. माझ्या नवऱ्याला आधी हे फार यांत्रिक वाटलं. तो म्हणाला, "महिनाअखेर जे उरेल ते टाकत जाऊ ना." मी त्याला १७६ चा रकाना दाखवला. तेव्हापासून त्या रकमेला आमच्या घरात हप्ता असंच म्हणतात, आणि हप्ता चुकवायचा नसतो यावर दोघांचं एकमत आहे.

घरांच्या किमती वाढतच राहतात या समजुतीबद्दलही थोडं सांगते, कारण वर ५ की ७ टक्के हा प्रश्न उरलाच आहे. ॲमस्टरडॅममधल्या हेरेनग्राख्त या कालव्याकाठच्या घरांचे जुने व्यवहार जमवून पीत आयखॉल्त्स या डच अभ्यासकानं १६२८ ते १९७३ असा किमतींचा निर्देशांक तयार केला. शहरातला सर्वांत प्रतिष्ठित भाग, साडेतीनशे वर्षं, आणि महागाई वजा जाता किमती जेमतेम दुप्पट. अर्थशास्त्राचं नोबेल २०१३ साली मिळालेल्या रॉबर्ट शिलर यांनी अमेरिकेतल्या घरांचे आकडे जोडले, तेव्हा १८९० ते १९९० या शतकात महागाई वजा जाता किमती जवळपास जागच्या जागीच असल्याचं दिसलं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र अनेक प्रगत देशांत किमती खऱ्या अर्थानं चढल्या. १४ देशांचे १८७० पासूनचे आकडे तपासणाऱ्या २०१७ च्या एका अभ्यासानुसार, त्या चढणीचा सुमारे ८० टक्के भाग जमिनीच्या किमतीचा होता. जमीन चढते, बांधकाम झिजतं. उंच इमारतीत वरच्या मजल्यावर घर घेताना आपल्या वाट्याला त्यातली जमीन किती येते, हा प्रश्न मला त्यामुळे फार महत्त्वाचा वाटू लागला आहे.

याविरुद्ध बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे आणि तो लपवून मला काही सिद्ध करायचं नाही. १६ प्रगत देशांचा १८७० ते २०१५ असा आढावा घेणारा एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात घरांवरचा एकूण परतावा शेअर बाजाराच्या बरोबरीचा निघाला, महागाई वजा जाता वर्षाला सुमारे ७ टक्के, आणि चढउतार शेअरपेक्षा कमी. हे वाचून मी दोन दिवस माझा निर्णय बाजूला ठेवला होता. पण त्या परताव्यातला साधारण अर्धा वाटा भाड्याचा आहे. म्हणजे घर भाड्यानं दिलं तर मिळालेलं भाडं, किंवा स्वतः राहिलो तर न द्यावं लागलेलं भाडं. (स्वित्झर्लंडमध्ये तर स्वतःच्या घरात राहणाऱ्याच्या या न दिलेल्या भाड्यावर अनेक दशकं उत्पन्नकर होता. २०२५ च्या सार्वमतात तो रद्द करायचं ठरलं.) आता महागड्या शहरात बघा. किमतीच्या जेमतेम ३ टक्के भाडं आणि त्यातून १ टक्का देखभाल वजा. तो अर्धा वाटा इथे पार वाळलेला आहे. उरतो फक्त किंमत वाढण्याचा भरवसा. १५ देशांतल्या २७ महानगरांचे सुमारे दीडशे वर्षांचे आकडे पाहणाऱ्या आणखी एका अभ्यासात हेच दिसलं: महानगरांत किमती थोड्या जास्त वाढल्या, पण भाड्याचं उत्पन्न इतकं कमी पडलं की एकूण परतावा त्याच देशातल्या इतर भागांपेक्षा वर्षाला सुमारे एक टक्क्यानं कमी राहिला. 'मोठ्या शहरात घर म्हणजे सोनं' हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आकडे म्हणतात, त्याच पैशाचं घर त्याच देशातल्या लहान शहरात सरासरीनं जास्त देऊन गेलं.

आणि कर्जानं घेतलेल्या घरात किमतीची घसरण सगळी आपल्या अंगावर येते. २० स्वतःचे आणि ८० बँकेचे असताना किंमत २० टक्क्यांनी पडली की आपले सगळे गेले, बँकेचे ८० तसेच. हाँगकाँगमध्ये १९९७ ते २००३ या काळात किमती ६० टक्क्यांहून जास्त घसरल्या आणि असंख्य कुटुंबं घराच्या किमतीपेक्षा जास्त कर्ज फेडत बसली. जपानच्या सहा मोठ्या शहरांत जमिनीचे भाव १९९१ नंतर जवळपास दीड दशक उतरत राहिले. असं प्रत्येक शहरात होईल असं मी म्हणत नाही. पण आमच्या दोघांच्याही नोकऱ्या याच शहरात आहेत. ज्या दिवशी इथले उद्योग अडचणीत येतील त्या दिवशी पगारही धोक्यात आणि घराची किंमतही. मिळकतीचा आणि बचतीचा सगळा भार एकाच शहरावर टाकायला माझं मन तयार होत नाही.

थोड्या काळासाठी घर घेणाऱ्यांबद्दल मात्र मला खरंच वाईट वाटतं. त्याच तक्त्यात पाचव्या वर्षाची ओळ बघा. किंमत दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढूनही, घर विकून कर्ज फेडल्यावर मालकाच्या हातात ५८ च्या आत उरतात. भाडेकरूकडे ६८ च्या जवळ असतात. किंमत जागच्या जागी राहिली तर मालकाकडे ३० च. पाच-सहा वर्षांत बदली, नवी नोकरी, आईवडिलांकडे परत जाणं, यातलं काहीही होण्याची शक्यता असेल तर घर घेण्याचा विचार मी तरी तिथेच थांबवीन.

इथपर्यंत सगळं पैशाचं झालं. आता जे पैशात नीट मावत नाही त्याकडे येते, आणि माझ्या मते घर घेण्याचं सर्वांत मोठं कारण इथेच आहे.

मागच्या घरातून आम्हाला निघावं लागलं. घरमालकानं घर विकायचं ठरवलं, करारात लिहिलेली मुदत दिली, गैर काहीच केलं नाही. पण लेकीचं शाळेचं वर्ष अर्ध्यावर होतं. त्या महिन्यांत मी ऑफिसातून येता येता घरं बघायची आणि रात्री जेवताना ती विचारायची, "माझी शाळा बदलणार का?" शाळा बदलावी लागली नाही, कारण तिच्यासाठी आम्ही त्याच भागात ऐपतीपेक्षा जास्त भाड्याचं घर घेतलं. पण तिच्या त्या प्रश्नाची किंमत मी कुठल्या रकान्यात लिहू? भिंतीला खिळा मारायला परवानगी मागणं, गळक्या नळासाठी तीन फोन करणं, हे सगळं सोसता येतं. हलावं लागण्याची टांगती तलवार सोसणं अवघड आहे.

टॉड सिनाय आणि निकोलस सूलेलेस या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये हाच मुद्दा मांडला: घराची मालकी हा भाडं वाढण्याच्या जोखमीविरुद्धचा विमा आहे, आणि जितका काळ एका जागी राहायचं असेल तितका तो विमा मोलाचा ठरतो. मला हे फार पटलं. आपण किमतीच्या वाढीसाठी घर घेतोय असं म्हणतो तेव्हा खरं तर 'इथून कुणी उठ म्हणणार नाही' हा हक्क विकत घेत असतो. तो हक्क हवा असण्यात काहीही गैर नाही. त्यासाठी वर्षाला किती जास्त द्यायला तयार आहोत, एवढं स्वतःला सांगता यायला हवं. आमच्या तक्त्यात पहिल्या पाच वर्षांत हा हक्क वर्षाला साधारण २ ला, म्हणजे भाड्याच्या निम्म्याहून जास्त महाग पडत होता.

हा हक्क मिळवायला मालकीच लागते असंही नाही. जर्मनीत नेहमीचा भाडेकरार बेमुदत असतो. घरमालकाला करार मोडायचा तर स्वतःला किंवा घरच्यांना राहायला हवंय असं कायद्यानं मान्य केलेलं कारण दाखवावं लागतं, आणि घर विकलं गेलं तरी भाडेकरार नव्या मालकाकडे तसाच चालू राहतो. म्हणून तिथली साधारण निम्मी कुटुंबं भाड्यानं राहतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. व्हिएन्नामध्ये महापालिकेच्या मालकीची सुमारे दोन लाख वीस हजार घरं आहेत. १९३० साली उभं राहिलेलं कार्ल मार्क्स होफ हे निवासी संकुल त्यातलंच. अनुदानित घरं धरली तर शहरातले निम्म्याहून जास्त लोक अशा घरांत राहतात. उलट सिंगापूरमध्ये दहातली जवळपास नऊ कुटुंबं घरमालक आहेत, पण बहुतेकांची ही मालकी सरकारी गृहमंडळाच्या घराच्या ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची आहे. भाड्यानं राहणं असुरक्षित आहे असं आपण म्हणतो. असुरक्षित असतो तो अकरा-बारा महिन्यांचा करार आणि त्याच्यामागचा दुबळा कायदा. जिथे कायदा भाडेकरूच्या पाठीशी आहे तिथे माझा तक्ता भाड्याकडे स्पष्ट झुकतो. जिथे नाही, तिथे घर घेणाऱ्याला मी कधीही घाईचा म्हणणार नाही.

आईचा शेवटचा प्रश्न मात्र कायद्याचा नव्हता. "अगं, साठीनंतर सामान बांधत फिरणार आहेस का?" ती म्हणाली. म्हातारपणी पगार नसताना भाडं भरणं, आणि एकट्या म्हाताऱ्या माणसांना घर द्यायला मालकांनी का-कू करणं, ही भीती खोटी नाही. यावर आम्ही दोघं बरेच दिवस बोललो. हे शहर महाग आहे ते इथे काम आहे म्हणून. इथल्या घराच्या किमतीत आपण नोकरीच्या जवळ असण्याचे पैसे मोजतो. नोकरी संपली की त्या जवळिकीचा आपल्याला उपयोग नसतो, तरी किंमत मात्र गुंतून पडलेली असते. तोपर्यंत खात्यात जे जमेल त्यातून, कर्ज न काढता, कमी महाग गावात घर घ्यायचं असं आम्ही ठरवलं आहे. नोकरीत असतानाच, साठी यायच्या बरीच आधी. ते घर दवाखान्याजवळ हवं आणि त्याला लिफ्ट हवी, ही आईची अट मी लिहून घेतली आहे.

या उत्तरात एक भोक आहे आणि ते मला दिसतं. माणसं शहरात रुजतात. वीस वर्षांत इथले शेजारी, डॉक्टर, मैत्रिणी आपले होतात. त्यांना सोडून स्वस्त गावात जाणं साठीला कसं वाटेल हे आज चाळिशीत बसून ठरवता येत नाही. म्हणून आम्ही दरवर्षी तक्ता उघडतो. किंमत भाड्याच्या २५ पटीच्या आत आली, किंवा लेकीच्या दहावीपर्यंत इथेच राहायचं असं पक्कं झालं आणि लांबचा करार मिळेना, तर आम्ही घर घेऊ. लहान घेऊ, स्टेशनपासून लांब घेऊ, पण घेऊ. हप्त्याची सवय लागलेली आहेच, तेव्हा त्याची भीती वाटणार नाही.

सध्याच्या घरमालकीणबाईंशी मात्र यावेळी मी आधीच बोलून घेतलं. तीन वर्षांचा करार, दरवर्षीची वाढ किती ते आधीच लिहिलेलं, आणि घर विकायचं झालं तर आम्हाला सहा महिने आणि तेही शाळेचं वर्ष संपेपर्यंत. बदल्यात आम्ही थोडं जास्त भाडं मान्य केलं आणि रंगकाम आमच्याकडे घेतलं. त्या लगेच तयार झाल्या. वेळेवर भाडं देणारं आणि टिकून राहणारं कुटुंब त्यांनाही हवंच असतं. विचारलं नसतं तर हे मिळालं नसतं. भाड्यानं राहणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते: रकमेवर घासाघीस करण्याआधी मुदतीवर करा.

माझ्या धाकट्या बहिणीनं गेल्या महिन्यात हा तक्ता मागवून घेतला. ती राहते त्या शहरात किंमत भाड्याच्या १८ पट आहे, आणि तिची नोकरी बदलीची नाही. तिनं स्वतःचे आकडे भरले, तर वीस वर्षांनी भाडेकरूकडे १२६ आणि मालकाकडे २६५. माझ्या निर्णयाच्या बरोबर उलट. तिनं विचारलं, "ताई, मग घेऊ ना?" मी म्हटलं, घे, पण सहा महिन्यांच्या हप्त्यांइतके पैसे हाताशी ठेवून घे. तिच्या कर्जाचे कागद आता बँकेत आहेत, आणि रविवारी मी तिच्याबरोबर ती इमारत बघायला जाणार आहे.